कवटी आणि डोळ्याच्या खोबणीसाठी मापाने घडवलेलं धातूचं इम्प्लांट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवटीचा तुकडा काढलेला माणूस घरी येतो तेव्हा घरातले त्याच्या डोक्याकडे बघणं टाळतात, आणि मग विचारायचे प्रश्नही मनातच राहतात. अपघातानंतर एक डोळा आत गेलेल्या माणसाचं तसंच होतं. जीव वाचला, आता चेहऱ्याचं काय घेऊन बसायचं, असं त्याला आजूबाजूचे सांगतात. मी सर्जनबरोबर बसून अशा इम्प्लांटची आखणी करतो. शस्त्रक्रिया मी करत नाही, पण स्कॅनपासून शेवटच्या स्क्रूपर्यंतचा प्रवास जवळून बघतो. डॉक्टरांना विचारायला लोक संकोचतात असे प्रश्न बरेचदा माझ्यापर्यंत येतात, त्यांचीच ही उत्तरं. तुमच्या रुग्णाचा निर्णय मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

डोक्याचं हाड काढावंच का लागलं?

कवटी ही बंद पेटी आहे. मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी एवढंच तिच्यात मावतं. जबर मार लागला किंवा मोठी रक्तवाहिनी तुंबून मेंदूचा बराच भाग निकामी झाला की मेंदू सुजतो. सुजेला जागा मिळाली नाही तर दाब वाढत जातो, रक्तपुरवठा तुटतो आणि मेंदू खालच्या बाजूला, श्वास चालवणाऱ्या भागाकडे ढकलला जातो. औषधांनी दाब उतरत नसेल तर सर्जन कवटीचा तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा काढतात, मेंदूचं आवरण सैल करतात आणि वरून फक्त त्वचा शिवतात. ही तात्पुरती सोय असते. सूज उतरली की ती जागा पुन्हा झाकायची, हे त्याच दिवशी ठरलेलं असतं.

बाकीची कारणं थोडी वेगळी: गाठ हाडात शिरलेली असते, हाडात जंतुसंसर्ग झालेला असतो, किंवा अपघातात हाडाचा इतका चुरा होतो की तुकडे जोडता येत नाहीत.

काढलेलं हाड जपून ठेवलंय म्हणाले. मग तेच का नाही बसवत?

शक्य असेल तर तेच बसवतात. स्वतःचं हाड हे स्वतःच्याच मापाचं असतं आणि परकंही नसतं. ते उणे ८० अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात, नाहीतर रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली कप्पा करून त्यात ठेवतात. पोटावर कडक काहीतरी हाताला लागतं म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. ते तुमचंच हाड असतं.

अडचण अशी की परत बसवलेलं हाड प्रत्येक वेळी जगतंच असं नाही. काही जणांत ते महिन्यांमागून महिने विरघळत जातं, कडेने झिजतं, स्क्रू सैल होतात आणि खड्डा पुन्हा दिसू लागतो. लहान मुलांत आणि तरुणांत हे जास्त घडतं. हाड आधीच तुकड्यातुकड्यांत असेल, त्यात जंतू शिरले असतील किंवा गाठ पसरली असेल, तर ते वापरताच येत नाही. मापाचं इम्प्लांट बहुतेक वेळा अशाच ठिकाणी लागतं.

खड्डा फक्त दिसायला वाईट आहे. झाकला नाही तर काय बिघडेल?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी रुग्णाकडे दिवसभर नीट लक्ष द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

हाड नसलेल्या जागी बाहेरच्या हवेचा दाब सरळ त्वचेवर आणि त्वचेतून मेंदूवर येतो. मेंदूभोवतीच्या पाण्याचं वाहणं आणि त्या भागातला रक्तपुरवठा दोन्ही बिघडतात. रुग्ण आधी सुधारत असतो आणि मग सुधारणा थांबते, किंवा मिळवलेलं पुन्हा जाऊ लागतं. डोकं दुखतं, चक्कर येते, लक्ष लागत नाही, बोलणं अडखळतं, हातापायातली ताकद कमी होते. ओळखायची खूण म्हणजे उठून बसलं की त्रास वाढतो आणि आडवं झालं की कमी होतो. १९३९ पासून वैद्यकीय लेखनात या लक्षणांना स्वतंत्र नाव आहे. तरीही घरी ती ‘मनाने खचलाय’ म्हणून सोडून दिली जातात. कवटी झाकल्यावर यातल्या कित्येकांत काही दिवसांत फरक दिसतो. व्यायामाला साथ न देणारा हात साथ देऊ लागतो. सगळ्यांत असं होत नाही, आणि मेंदूचा जो भाग मेला आहे तो धातूने परत येत नाही.

यातून निघणारी एक महत्त्वाची गोष्ट. हाड नसलेल्या रुग्णाच्या पाठीतून पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, कारण खालून दाब कमी झाला की वरून मेंदू आणखी आत ढकलला जातो. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी दवाखान्यात गेलात तरी ‘डोक्याचं हाड काढलेलं आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

दुसरं कारण अगदी साधं आहे. त्या जागी मेंदू आणि जग यांच्यामध्ये फक्त त्वचा उरलेली असते. इम्प्लांट बसेपर्यंत चालताना संरक्षक टोपी हवीच.

ही शस्त्रक्रिया कधी करायची?

सूज उतरलेली, जखम भरलेली आणि कुठेही संसर्ग नसलेला हवा. बऱ्याच रुग्णांत ही वेळ पहिल्या तीन महिन्यांत येते, आणि अलीकडे फार लांबवू नये याकडे कल आहे. जुन्या जागी पू झाला होता असं असेल तर मात्र सर्जन कित्येक महिने थांबतात. खड्ड्याऐवजी तिथे फुगवटा असेल तर मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं. आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

टायटॅनियमच का? सोनं, स्टील का नाही?

सगळं करून झालेलं आहे. प्राचीन पेरूत कवटीला भोकं पाडण्याची विद्या होती, आणि तिथे कवटीवर सोन्याचा पत्रा बसवल्याचेही पुरावे सापडले आहेत. १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्हॅन मीकेरेन या डच सर्जनने एका रशियन सरदाराची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याच्या कवटीत कुत्र्याचं हाड बसवलं होतं. ते चांगलं जुळलं, पण चर्चने त्याला बहिष्कृत केलं म्हणून तो हाड काढून घ्यायला परत आला, तर ते इतकं पक्कं बसलेलं की निघेना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲल्युमिनियम वापरून पाहिलं. त्याने मेंदूला त्रास होऊन आकडी येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात टँटॅलम वापरलं गेलं. ते शरीरात गंजत नाही, पण जड आहे आणि उष्णता पटकन वाहून नेतं, त्यामुळे ऊनथंडीत डोकं दुखायचं. ॲक्रिलिकही त्याच काळात आलं.

टायटॅनियम कवटीसाठी १९६० च्या दशकात रुळू लागलं. हवा लागताच त्याच्यावर अतिशय पातळ ऑक्साइडचा थर तयार होतो, ओरखडा गेला तर तो क्षणात पुन्हा भरून येतो, आणि त्या थरामुळे शरीरातल्या खारट द्रवात ते गंजत नाही. स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडात टायटॅनियमची उपकरणं बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर उपकरणं काढायला गेले, तर हाड त्यांना चिकटून बसलं होतं. आजची दातांची इम्प्लांट त्याच निरीक्षणातून आली.

शिवाय ते पोलादापेक्षा सुमारे ४० टक्के हलकं आहे आणि चुंबकाकडे ओढलं जात नाही. इम्प्लांटसाठी एकतर शुद्ध टायटॅनियम वापरतात किंवा साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू. ‘ॲल्युमिनियम वाईट म्हणालात, मग यात कसं?’ असं एका रुग्णाच्या बहिणीने मला विचारलं होतं. रास्त शंका आहे. मिश्रधातूत ते बांधलेलं असतं आणि वर ऑक्साइडचं कवच असतं. सुट्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याशी त्याची तुलना करता येत नाही.

धातूची ॲलर्जी असेल तर?

टायटॅनियमची खरी ॲलर्जी फार क्वचित आढळते. नकली दागिन्यांनी खाज येते ती बहुधा निकेलमुळे. तरीही असा त्रास असेल तर आधी सांगा.

‘मापाने घडवलेलं’ म्हणजे नेमकं काय करतात?

सुरुवात सीटी स्कॅनपासून होते. तो एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा आणि अलीकडचा हवा. फिल्मवर छापलेली चित्रं आम्हाला उपयोगाची नसतात. मूळ डिजिटल फाइली लागतात, आणि निम्मा उशीर त्या मिळवण्यातच होतो.

संगणकावर त्या कापांतून फक्त हाड वेगळं काढायचं. ऐकायला सोपं आहे. पण खोबणीच्या भिंतीसारखं पातळ हाड स्कॅनमध्ये जवळजवळ दिसतच नाही, आणि संगणक तिथे भोक दाखवतो. हे भोक खरं की भासाचं, ते माणसाला एकेका कापावर जाऊन ठरवावं लागतं. मग शाबूत बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन ती तुटलेल्या बाजूवर बसवायची. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंना अगदी सारखा नसतो, म्हणून प्रतिमा थोडी फिरवावी, सरकवावी लागते आणि कडा खऱ्या हाडाशी जुळवाव्या लागतात.

यानंतरचे निर्णय सर्जनचे. त्वचा कुठे तंग आहे? जुन्या टाक्यांची रेघ कुठून जाते? धातूची कड त्या रेघेखाली आली तर जखम उघडण्याचा धोका वाढतो. स्क्रूसाठी चांगलं जाड हाड कुठे आहे? भोकं किती ठेवायची? भोकांतून साठलेलं पाणी-रक्त बाहेर पडतं, आणि मेंदूचं आवरण टाक्यांनी वर ओढून धातूला बांधता येतं, त्यामुळे मध्ये पोकळी राहत नाही. सर्जन आणि आम्ही एकाच स्क्रीनसमोर तासभर वाद घालतो तेव्हा काम सर्वांत चांगलं होतं, असा माझा अनुभव आहे. नुसत्या ईमेलवर मंजूर झालेली आखणी मला बेचैन करते.

आखणी ठरली की घडवणं. एका पद्धतीत टायटॅनियमची बारीक पूड थराथराने पसरतात आणि लेसर किंवा इलेक्ट्रॉनचा झोत हवी तेवढीच जागा वितळवतो. एकेक थर मिलिमीटरच्या काही शतांशांचा. लेसरच्या यंत्रात आर्गॉन वायू भरलेला असतो, कारण तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं. तुकडा तयार झाल्यावर भट्टीत तापवून त्यातले ताण काढतात, आधाराच्या काड्या तोडतात, कडा गुळगुळीत करतात, अडकलेली पूड धुऊन काढतात. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत कवटीच्या प्रतिकृतीवर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा दाबून आकार देतात. तिला मागास समजू नका. गोल, साध्या घुमटाच्या जागी तो पत्रा उत्तम बसतो. तिसरा मार्ग म्हणजे अखंड ठोकळ्यातून यंत्राने कोरून काढणं.

आखणी, मंजुरी, घडवणं, तपासणी आणि निर्जंतुकीकरण धरून हा हिशेब दिवसांत नाही, आठवड्यांत करावा.

दुसरी बाजू शाबूतच नसेल तर आरशातली प्रतिमा कशाची घेणार?

कपाळाच्या मधोमध हाड गेलेलं असेल किंवा दोन्ही बाजू तुटल्या असतील तर आरसा उपयोगाचा नाही. तेव्हा अनेक निरोगी कवट्यांवरून काढलेला सरासरी आकार घेऊन तो उरलेल्या कडांशी जुळवतात. अपघाताआधी कुठल्याही कारणाने स्कॅन काढलेला असेल तर शोधून आणा. त्याच्यासारखा नमुना दुसरा नाही.

ऐन वेळी बसलंच नाही तर?

असं होतं. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांच्यात बरेच महिने गेले की हाडाच्या कडा झिजतात किंवा वाढतात. कधी मेंदू फुगलेला असतो. म्हणून टेबलावर पर्यायी जाळी तयार ठेवणं हे शहाण्या सर्जनचं लक्षण आहे. खोबणीच्या कामात काही जण एक-दोन मिलिमीटरने वेगळे असे दोन नमुने मागवतात आणि आत बघून निवडतात.

प्लास्टिकसारखंही एक इम्प्लांट असतं म्हणे. ते बरं का?

तुमचा रोख पीकवर असावा. ते मजबूत पॉलिमर आहे. स्कॅनमध्ये आड येत नाही, उष्णता वाहून नेत नाही, आणि पुढे रेडिएशन घ्यायचं असेल तर किरणांची मात्रा विस्कटत नाही. गाठीच्या रुग्णांत या मुद्द्याला फार वजन आहे. पण हाड त्याला धरत नाही आणि ते जाड असतं. टायटॅनियम पातळ करता येतं, म्हणून त्वचा तंग असेल तिथे आणि खोबणीत त्याला तोड नाही. ॲक्रिलिक स्वस्त आहे आणि टेबलावरच हाताने आकार देता येतो, पण घट्ट होताना तापतं आणि जोराचा मार लागला तर तडकतं. सगळ्यांसाठी एकच उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

डोळ्याच्या खोबणीचं काम वेगळं का मानतात?

कवटीचा घुमट मोठा आणि सौम्य वळणाचा असतो. तिथे एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर केसांखाली कळतही नाही. खोबण म्हणजे सात हाडांनी मिळून केलेला, मागे निमुळता होत जाणारा शंकू. मोठ्या माणसात तिच्यात जेमतेम ३० मिलिलिटर जागा असते, आणि तेवढ्यात बुबुळासकट डोळ्याचा गोळा, तो हलवणारे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस. तिचा तळ आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ आहे.

चेंडू किंवा मुठीचा मार लागला की कडेचं जाड हाड तगतं आणि आतलं पातळ हाड खालच्या पोकळीत फुटतं. चरबी आणि स्नायू त्या फटीत उतरतात. खोबणीची जागा एक मिलिलिटरने वाढली की डोळा साधारण एक मिलिमीटर आत जातो, आणि दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं की समोरच्याला ते दिसू लागतं. म्हणजे अर्ध्या चमच्यापेक्षाही कमी फरकाने चेहरा बदलतो!

तळ सपाटही नसतो. तो पुढून थोडा खोलगट असतो, मागे जाताना वर उचलला जातो आणि आतल्या बाजूला फुगतो. हा मागचा फुगवटा डोळ्याला पुढे धरून ठेवतो. सपाट तुकडा टाकून तळ झाकला तर भोक बुजतं, पण फुगवटा हरवतो आणि डोळा आतच राहतो. मापाच्या इम्प्लांटची खरी किंमत मला इथे पटली. सर्जनला त्या खोल, अरुंद जागेत, चरबी बाजूला धरून, आकाराचा अंदाज बांधावा लागत नाही. तो आधीच बांधलेला असतो. फक्त मागे शिल्लक राहिलेल्या हाडाच्या कंगोऱ्यावर इम्प्लांटची कड टेकली पाहिजे, आणि दृष्टीची नस तिथून फार लांब नसते.

खोबणीचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया करावीच लागते?

नाही. लहान भेग, नीट हलणारा डोळा, जागच्या जागी असलेली नजर, एवढं असेल तर वाट बघतात. डोळा आत गेलेला असेल, तळाचा निम्म्याहून जास्त भाग गेला असेल, किंवा सूज उतरूनही एकाचे दोन दिसत असतील तर बहुधा पहिल्या दोनेक आठवड्यांत करणं सोयीचं असतं. पुढे आतले पदार्थ चिकटून बसतात.

मुलांबाबत मात्र थांबू नका. मुलांचं हाड लवचीक असतं. ते झडपेसारखं उघडतं आणि स्नायूला पकडून पुन्हा मिटतं. बाहेरून डोळा पांढरास्वच्छ दिसतो, ना सूज ना काळंनिळं. पण मूल वर बघू शकत नाही, बघायला लावलं की उलटी करतं, नाडी मंद होते. हे मेंदूला मार लागल्यासारखं वाटतं आणि डोळ्याकडे दुर्लक्ष होतं. अडकलेला स्नायू एक-दोन दिवसांत कायमचा खराब होऊ शकतो. मार लागलेल्या मुलाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगा. एवढी तपासणी घरीही करता येते.

इम्प्लांट बसल्यावर दोन दिसणं थांबेल का? गालाचा बधिरपणा?

स्नायू अडकल्यामुळे दोन दिसत असेल तर तो सुटल्यावर फरक पडतो, पण लगेच नाही. सूज आणि मुका मार ओसरायला आठवडे, कधी महिने लागतात. स्नायूच जखमी झाला असेल किंवा नसेला इजा असेल तर भिंत कितीही अचूक झाली तरी दोन दिसणं थोडंफार राहू शकतं. त्यासाठी प्रिझमचा चष्मा असतो, आणि काही महिने स्थिर राहिल्यावर तिरळेपणाची शस्त्रक्रिया करता येते. गाल आणि वरच्या ओठाला जाणारी नस खोबणीच्या तळातूनच जाते. बधिरपणा बहुतेकांत हळूहळू कमी होतो.

गेलेली दृष्टी इम्प्लांटने परत येत नाही. आशा लावून बसलेल्या घरांत हे वाक्य बोलणं जड जातं, पण ते शस्त्रक्रियेआधीच बोललं गेलं पाहिजे.

गाठ काढतानाच इम्प्लांट बसवता येतं का?

येतं. आधी संगणकावर ठरवायचं की हाड कुठून कुठपर्यंत कापायचं, मग त्या रेघेचा मार्गदर्शक साचा आणि तेवढ्याच मापाचं इम्प्लांट दोन्ही घडवायचं. मेंदूच्या आवरणाची गाठ खोबणीच्या बाहेरच्या भिंतीत शिरून हाड जाड करते आणि डोळा बाहेर ढकलते, अशा रुग्णांत याचा मोठा फायदा होतो. अट एकच, सर्जनने ठरल्या रेघेवर थांबायचं. गाठ त्यापुढे सापडली तर ती काढणं महत्त्वाचं, आणि मग इम्प्लांट तोकडं पडतं.

काय बिघडू शकतं?

ही छोटी शस्त्रक्रिया नाही. कवटी झाकण्याच्या शस्त्रक्रियेत काही ना काही गुंतागुंत होण्याचं प्रमाण बऱ्याच अहवालांत दहा टक्क्यांहून जास्त आहे. संसर्ग, खाली रक्त किंवा पाणी साठणं, आकडी, जखम उघडणं. मेंदू अचानक सुजण्याचा प्रकार अतिशय क्वचित होतो, पण तो गंभीर असतो.

मला सर्वांत जास्त काळजी त्वचेची वाटते. धातू हाडाची जागा भरतो, त्वचेची नाही. रेडिएशन घेतलेली, दोन-तीनदा उघडलेली, पातळ झालेली त्वचा टायटॅनियमवर ताणून शिवली तर महिन्यांनी, वर्षांनीही ती झिजते आणि एक दिवस धातू उघडा पडतो. मग तो बहुधा काढावाच लागतो. अशा जागी आधी दुसरीकडची चांगली त्वचा आणून लावणं हा वेळेचा अपव्यय नाही. कपाळाचं हाड असेल तर त्याच्यामागची नाकाशी जोडलेली पोकळीही बंद करून घ्यावी लागते, नाहीतर नाकातले जंतू इम्प्लांटपर्यंत पोचतात.

घरी आल्यावर ताप, जखमेतून पाणी, वाढती लाली, उतरत गेल्यावर पुन्हा वाढलेली सूज, नवी सुस्ती किंवा आकडी दिसली तर फोनवर सल्ला घेत बसू नका, रुग्णाला घेऊन जा. खोबणीची शस्त्रक्रिया झाली असेल तर अचानक वाढणारी वेदना, डोळा पुढे येणं आणि नजर मंद होणं यांना मिनिटांचा हिशेब असतो. आत रक्त साठून नस दाबली गेली तर दीड-दोन तासांत दृष्टी कायमची जाऊ शकते. आणि काही आठवडे नाक शिंकरायचं नाही. हवा जोराने खोबणीत शिरते.

पुढे एमआरआय काढता येईल का? विमानतळावर वाजेल का?

एमआरआय बहुतेक वेळा काढता येतो. टायटॅनियम ओढलं जात नाही, फक्त त्याच्या आजूबाजूचं चित्र थोडं बिघडतं. इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा आणि स्कॅनआधी दाखवा. विमानतळावरची दारं बहुधा वाजत नाहीत. वाजलंच तर ते कार्ड कामी येतं.

उन्हात डोकं तापेल का?

काहींना ऊन आणि गारवा त्या जागी जास्त जाणवतो. टोपी पुरते.

लहान मुलांना धातूचं इम्प्लांट बसवतात का?

जपून. सहा-सात वर्षांपर्यंत कवटी मोठ्या माणसाच्या आकाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचते. त्याआधी न वाढणारा धातू वाढत्या हाडाला बांधणं अडचणीचं. अगदी तान्ह्या मुलांत मेंदूचं आवरण स्वतःच नवं हाड तयार करू शकतं. थोड्या मोठ्या मुलांत कवटीच्याच दुसऱ्या भागातलं हाड उभं चिरून त्याचे दोन थर करतात, एक तिथे ठेवतात आणि एक खड्ड्यात बसवतात. हे मला फार सुंदर काम वाटतं.

दिसायला अगदी पूर्वीसारखं होईल?

कपाळ आणि टाळू बहुधा छान येतात. कानशिलाची जागा फसवी आहे. तिथला खड्डा हाडाचा कमी आणि सुकलेल्या स्नायूचा जास्त असतो, त्यामुळे हाड तंतोतंत बसूनही पोकळ दिसतं. इम्प्लांट थोडं फुगीर करून ते भरता येतं, पण जितकं फुगवाल तितकी त्वचा ताणली जाते. किती फुगवायचं यावर मी आणि सर्जन दर वेळी भांडतो, आणि बहुतेकदा कमी फुगवण्याच्या बाजूने मिटतं. जुनं, चिकटून बसलेलं खोबणीचं दुखणं असेल तर चरबीही झिजलेली असते. तिथे सुधारणा होते, पण जुळ्यासारखी जोडी मिळेलच असं नाही.

हे कधी बदलावं लागतं का?

संसर्ग झाला नाही आणि त्वचा टिकली तर बदलायचं कारण नसतं. ठरावीक वर्षांनी काढायची ही वस्तू नाही.

पहिल्या भेटीला काय न्यावं?

सगळे सीटी स्कॅन डिजिटल स्वरूपात, आधीच्या शस्त्रक्रियेचं टिपण, कुठला संसर्ग झाला होता आणि त्यात कोणते जंतू निघाले त्याचा अहवाल, चालू औषधांची यादी, त्यातही रक्त पातळ करणारी औषधं वेगळी लिहून. आणि रुग्णाचे आजारापूर्वीचे दोन-तीन फोटो, समोरून आणि बाजूने, हसताना असतील तर उत्तम. भुवईची उंची, कपाळाचा उतार, डोळा किती पुढे होता हे स्कॅन सांगत नाही. आखणी करताना मी ते फोटो स्क्रीनच्या बाजूला उघडे ठेवतो.